कुजबुजेकाका गप्प बसतात

कुजबुजे हे त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं विंगेत उभं राहून अडलेल्या नटाला पुढचा शब्द कुजबुजत पुरवला, म्हणून मंडळींनी दिलेलं ते नाव. राजा अडो की राणी, काकांनी कुणाला उघडं पडू दिलं नाही.

पक्षाघातानंतर काकूंची वाचा परत आली खरी, पण एकेक शब्द रांगत यायचा. "मला... जरा..." एवढं झालं की काका "पाणी!" म्हणून पेला पुढे करत. काकूंना खिडकी उघडून हवी असायची. त्या मुकाट पाणी पीत.

लेकीनं आईला आपल्याकडे कायमचं न्यायचं ठरवलं. येईल का ती, असं तिनं फोनवर विचारलं, तेव्हाही काकांनीच होकार दिला. फोन ठेवल्यावर मात्र ते भरल्या ताटावरून तसेच उठले.

रविवारी लेक येणार, म्हणून शनिवारी दुपारी ते काकूंना सिनेमाला घेऊन गेले. जाहिरातीत अंतराळयान होतं. धूमधडाका असेल, अशी त्यांची समजूत. पण यानात होता एकच माणूस. त्यानं पृथ्वीवरच्या बायकोला विचारलं, "परत येईन तेव्हा मी तोच असेन का?" निरोप जाऊन उत्तर यायला सात वर्षं लागणार होती. पडद्यावर नुसता त्याचा चेहरा आणि खिडकीबाहेरचा काळोख. पुढच्या रांगेतली दोघं उठून गेली. काकांचे ओठ शिवशिवायला लागले.

"वाक्य विसरली गं ती," ते पुटपुटले.

काकूंनी त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं आणि काढलंच नाही.

त्या माणसाचे केस पिकले, तेव्हा उत्तर आलं. "माहीत नाही. पण ये."

म्हणजे ती काही विसरली नव्हती. उत्तर एवढा वेळ वाटेत होतं. आपण मात्र गप्प माणसाला रिकामं समजत आलो, हे काकांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या लख्ख कळलं.

रविवारी लेकीनं आल्या आल्या बॅग भरायला घेतली. काका म्हणाले, आधी तिला विचार, मी मध्ये बोलणार नाही.

"बाबा, तुम्हाला जमणार आहे का ते?" लेक हसली. मग आईसमोर बसली. "आई, येतेस ना?"

"मी..."

'येते' हा शब्द काकांच्या जिभेवर तयार होता. त्यांनी तो गिळला. लेकीनं दोनदा घड्याळाकडे पाहिलं.

"मी... नाही..." काकू थांबल्या. कपाळावर घाम आला. "ह्यांना... आत्ता कुठं... ऐकू यायला... लागलंय."

लेकीच्या हातातली साडी तशीच राहिली. काकांचे डोळे भरून आले. काकूंचं बोलणं संपलं की अजून आहे, हे कळायची वाट पाहत ते बसून राहिले.