येळवसला नाही म्हणालो

गांजा सोडायला मी ना दवाखाना केला, ना घरी कुणाला सांगितलं. पुडी बोरी नदीत टाकली, चिलीम दगडावर फोडली आणि बरोबरच्या तिघांना म्हणालो, आजपासून बंद. तिघंही हसले. "चार दिसाचं नाटक हाय," एक जण म्हणाला.

दिवाळी सरली तरी मी परतलो नाही, तेव्हा त्यांनी हाक मारणंच सोडलं. झोप उडालेली, अंगाला घाम, भाकरीचा घास तोंडात नुसता फिरायचा. ते सोसलं. संध्याकाळ मात्र सोसवत नव्हती. नळदुर्गहून गावाकडं येताना ते तिघं माळावरच्या बाभळीखाली दिसायचे. मी मोबाईल कानाला लावून, मोठ्यानं बोलत पुढं निघून जायचो. पलीकडं कुणीच नसायचं.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्याकडं गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. शेतात कडब्याची कोपी उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, मग पालेभाज्या-शेंगांची आंबट भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली गार आंबील. ज्याला हाक मारली त्यानं यायचं, आणि पुढ्यात आलेल्याला नाही म्हणायचं नाही. मी तिघांनाही आमच्या शेतात बोलावलं. आईनं भज्जीचं पातेलं वाढवलं. "तुजी माणसं येणार म्हणल्यावर कमी पडाया नगं."

दुपार कलली तरी कुणी आलं नाही. शेवटी लाज गुंडाळून ठेवून मीच त्यांच्यातल्या एकाच्या शेतात गेलो. तिघंही तिथंच होते.

"ये की गड्या, लई दिसानं!"

दोघांच्या मधे मांडीला मांडी लावून बसलो. काय जेवलो ते कळलं नाही, इतकं बरं वाटत होतं. मग ओलं फडकं गुंडाळलेली चिलीम फिरत फिरत माझ्या हातात आली.

"येळवसला न्हाय म्हणत न्हाईत."

चिलीम कोमट होती. खरं सांगतो, मला गांजा नको होता, त्या दोघांच्या मधली जागा हवी होती. मी ती तोंडाला न लावता शेजारच्याला दिली. कुणी रागावलं नाही. पुढच्या फेरीला मात्र एकाचा हात माझ्या गुडघ्यांवरून पलीकडं गेला आणि चिलीम मला वगळून निघाली. मी उठलो. बस, असं कुणी म्हणालं नाही.

आमच्या कोपीत आई न जेवता बसली होती.

"आली न्हाईत व्हय रं?"

"न्हाय येणार आता."

तिनं दोन ताटं वाढली. पोट भरलेलं होतं, तरी मी बसलो. पुढ्यात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? पहिल्याच घासाला भज्जीतली चिंच जिभेला लागली. कितीतरी दिवसांनी मला कशाची तरी चव कळली होती, आणि हे ज्यांना सांगावं ती माणसं दोन बांधांपलीकडं हसत होती. माझे डोळे भरून आले.

"तिखट झालंय व्हय?" आईनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो, आणि तिनं माझ्या ताटात आंबील ओतली.