शनीचे खाली घातलेले डोळे

बायको घर सोडून गेल्यावर भटजी म्हणाले, "दर शनिवारी वाटीतल्या तेलात तोंड पाहा अन् ते तेल गरिबाले दान करा. शनीची पीडा जाईल." शनिमंदिरामागच्या भिंतीशी, निळ्या प्लास्टिकच्या पन्नीखाली एक बेघर माणूस राहायचा. चार शनिवार मी तिथंच तेलात तोंड पाहून त्याच्यापुढं वाटी ठेवली अन् निघालो.

पाचव्या शनिवारी भिंत पाहून मी गारच पडलो. कोळसा अन् माह्यंच तेल कालवून त्यानं कावळ्यावर बसलेला शनी काढला होता. तोंड माह्यं होतं! तीच वाकडी मिशी, तीच गालावरची चामखीळ. डोळे मात्र खाली.

"काहून रे, शनीले माह्यं तोंड लावलं?" मी ओरडलो.

तो हसला. "बाबूजी, चेहरा तो आप ही दे गये थे. मेरा घर कहाँ? दीवार पर रख दिया."

"अन् डोळे?"

"आँख कैसे बनाता? आपने कभी मेरी तरफ देखा ही नहीं."

शनीनं बायकोकडं पाहिलं नाही म्हणून तिनं त्याले शाप दिला, का तू ज्याच्याकडं पाहशील त्याचा नाश होईल, अन् तवापासून त्याचे डोळे खाली, ही गोष्ट माह्यी बायकोच सांगायची. जेवायला वाढून समोर बसायची अन् म्हणायची, "एकदा वर तं पाहा." मी पेपर वाचत जेवायचो. तिनं मले शाप नाही दिला. नुसती निघून गेली.

मी मान वर केली. त्या माणसाचा एक डोळा पांढरा पडलेला होता. एवढे शनिवार गेले, मले ते माहीतच नव्हतं.