सत्तेचाळिसावी पाटी

गावाचं नाव आणि पेंटरचं आडनाव एकच होतं. मागेपुढे एक अक्षर जास्त नाही. हे गाव आपल्या खापरपणजोबांच्या नावानं वसलंय, असं पेंटर छाती फुगवून सांगायचा. खरी गोष्ट त्याच्या बायकोला सासूकडून कळली होती. खापरपणजोबा कुठून तरी पळून आले होते आणि आडनाव विचारल्यावर घाबरून त्यांनी समोरच्या पाटीवरचं गावाचं नाव वाचून दाखवलं होतं. पण नवऱ्याच्या फुगलेल्या छातीला टाचणी लावण्याइतकी ती दुष्ट नव्हती.

नगरपालिकेच्या पाट्या रंगवण्यात पेंटरची बत्तीस वर्षं गेली. निवृत्तीला महिना उरला आणि वरून हुकूम आला: गावाचं नाव बदललं आहे, हद्दीत जिथे जिथे जुनं नाव लिहिलेलं असेल, तिथे महिन्याच्या आत नवं लिहावं. हुकूम पाळणं हा हेडक्लार्कचा लाडका छंद. त्यानं स्वतः सगळे गल्लीबोळ पायाखाली घातले आणि जुनं नाव दिसेल त्या पाटीच्या कोपऱ्यात खडूनं आकडा टाकला. बसस्टँड एक, दवाखाना नऊ, पाण्याची टाकी एकतीस. शेवटचा आकडा सत्तेचाळीस. तो पेंटरच्या घराच्या दारावरच्या पाटीवर पडला.

"साहेब, हे माझं आडनाव आहे," पेंटर म्हणाला.

"असेल. हद्दीत आहे ना?"

"आहे, पण..."

"हुकुमात 'जिथे जिथे' असं आहे. आडनावं सोडून, असं कुठे लिहिलंय ते दाखवा. सत्तेचाळीस पाट्या झाल्याशिवाय तुमच्या निवृत्तीच्या कागदावर माझी सही होणार नाही. जन्मभर नोकरी करत बसा मग!"

दारावरची पाटी त्याच्या वडिलांनी रंगवलेली होती. त्या अक्षरांवरून बोट फिरवत तो लिहायला शिकला होता. ती पुसायची म्हणजे वडिलांचा हातच पुसायचा, या विचारानं त्याला चक्क रडू यायचं. बाकीच्या सेहेचाळीस पाट्या मात्र त्यानं इमानेइतबारे उरकल्या. प्रत्येक वेळी जुनं नाव पुसताना हात कापायचा, तरी काम अर्धवट टाकणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो दारापुढे स्टूल मांडून, रंगाचा डबा उघडून बसला आणि नुसताच बसून राहिला.

एवढ्यात समोर टॅक्सी थांबली. आतून ऐंशीच्या घरातल्या एक आजी उतरल्या. ड्रायव्हर घामाघूम झाला होता.

"तीन तास झाले फिरवतोय यांना. जायचंय म्हणे या नावाच्या गावाला. हे नाव लिहिलेलं एवढं एकच ठिकाण सापडलं बघा," असं म्हणून त्यानं बॅग पायरीवर ठेवली आणि तो निघूनही गेला.

आजींनी पाटी दोनदा वाचली. त्यांना हायसं वाटलं. "आलं बाई एकदाचं! चाळीस वर्षांनी येतेय." मग त्यांनी दारातून आत डोकावून पाहिलं. दोन खोल्या, एक खाट, एक ओटा. "केवढंसं उरलंय हो! पूर्वी चांगलं मोठं होतं."

बायको हात पुसत बाहेर आली. "या ना, आत या. चहा टाकते."

"आता कोण कोण राहतं इथे?"

"आम्ही दोघंच."

"म्हणजे वस्ती आहे," आजी समाधानानं म्हणाल्या आणि चपला काढून खाटेवर जाऊन बसल्या.

दुपारी हेडक्लार्क तपासणीला आला. पेंटर उठून उभा राहिला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवला. "नाही पुसणार, साहेब. करतो जन्मभर नोकरी."

हेडक्लार्क तोंड उघडणार, तोच आतून आजींनी विचारलं, "तुम्ही कुठले हो? इथले दिसत नाही."

हेडक्लार्क गडबडला. जन्म याच गल्लीतला, पण नव्या नावानं सांगावं तर आजींना कळायचं नाही आणि जुन्या नावानं सांगावं तर हुकूम मोडतो. बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्यानं खिशातून खडू काढला, ओणवा होऊन घराभोवती जमिनीवर रेघ ओढली आणि धापा टाकत म्हणाला, "हे घर हद्दीबाहेर. सत्तेचाळीस नंबर रद्द. आणा तो कागद, सही करतो. पण हद्द आली की गावाची पाटी लागते, त्यावर लोकसंख्या लागते. तेवढी आजच लावा."

पेंटरनं फळी घेतली. वडिलांच्या वळणात सावकाश नाव काढलं आणि खाली लिहिलं, लोकसंख्या: दोन.

"अहो, तीन करा ते," आतून बायको म्हणाली. "त्यांचं अंथरूण घातलंय मी."

त्यानं फडकं घेतलं आणि 'दोन' पुसलं. महिनाभरात पुसताना पहिल्यांदाच त्याचा हात कापला नाही.