धम्मदीपचा उजवा पाय

क्रेगीबर्न या आमच्या परदेशातल्या उपनगरात एखादा मराठी माणूस नीट गाडी चालवताना दिसला, तर त्याला धम्मदीप खरातने शिकवलं असण्याची शक्यता बरीच आहे. आणि तो माणूस गाडी चालवता चालवता मधूनच दचकून डावीकडच्या सीटकडे बघत असेल, तर मग खात्रीच समजा.

धम्मदीप आमचा जुना मित्र. पिंपरीहून कुकरी शिकायला आला, शिकला, आणि भट्टीची धग नि शेफच्या शिव्या सहन न होऊन किचनमधून बाहेर पडला. आधी कार वॉश, मग टॅक्सी, आणि पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, मिळाल्यावर ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर. आवाज असा, की ऐकणाऱ्याला डुलकी यावी. "घाई नाही. आरसा बघ. छान. आता हळूच वळ." शिकणाऱ्याने भर चौकात गाडी बंद पाडली तरी त्याची पट्टी बदलत नाही. विपश्यनेची शिबिरं केलेला माणूस. पार्टीत दोन घास खाल्ले की "मन कसं स्थिर हवं" हे सुरू होतं.

त्याचं मन स्थिर आहे, याबद्दल आमचं कोणाचंच दुमत नाही. भानगड पायाची आहे.

शिकवायच्या गाडीत डावीकडे, म्हणजे मास्तरांच्या पायापाशी, आणखी एक ब्रेक असतो. अडीअडचणीला. धम्मदीपच्या उजव्या पायाला अडचण लांबूनच दिसायची. कुठे मांजर फुटपाथवर अंग चाटत बसलंय, मार ब्रेक. कुठे पुढच्या गाडीचा दिवा लुकलुकला, मार ब्रेक. करुणा, म्हणजे त्याची बायको, नर्स आहे. तिच्या साध्या गाडीत डावीकडे ब्रेकच नाही. तरी त्या बाजूचं मॅट टाचेपाशी भोक पडेपर्यंत झिजलेलं. "दुसऱ्यांचे नवरे झोपतात गाडीत," ती म्हणायची, "आमचे व्यायाम करतात."

मुलगी मयूरा सोळाची झाली, तिला शिकाऊची एल पाटी मिळाली, आणि तिने जाहीर केलं की ती गाडी आईकडून शिकणार. "नो ऑफेन्स, डॅड. बट नो." ड्रायव्हिंग मास्तरांची मुलगी घरच्या मास्तरांना सोडून भलतीकडे शिकते, हा विनोद आमच्या गोतावळ्यात बरेच दिवस पुरला. धम्मदीपही हसायचा. जरा जास्तच हसायचा, म्हणून आम्हाला कळायचं की त्याला लागलंय.

त्याआधी शाल्मलीचं प्रकरण झालं होतं. शाल्मली सांगलीची, चाइल्डकेअरमध्ये नोकरीला. धम्मदीपकडे शिकली, चांगली शिकली. टेस्टच्या दिवशी परीक्षक मागच्या सीटवर, धम्मदीप नेहमीच्या जागी. टेस्टमध्ये मास्तरांचा पाय ब्रेकवर पडला की खेळ तिथेच खलास, हे त्याला पाठ. एका राउंडअबाउटला उजवीकडून एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, आली. शाल्मलीने ती पाहिली होती. पण धम्मदीपच्या पायानेही पाहिली. मागून परीक्षक शांतपणे म्हणाला, "दॅट्स इट, आय'म अफ्रेड." पुढच्या खेपेला शाल्मलीने दुसरा मास्तर गाठला आणि पास झाली.

"यूट जोरात होती," असं धम्मदीप पुढे कितीतरी दिवस न विचारता सांगत असे.

मग त्याचा खांदा धरला. मान वळेना. मान न वळणारा ड्रायव्हिंग मास्तर म्हणजे तोतरा भटजी. फिजिओने त्याला उताणं पाडून, पालथं पाडून तपासलं आणि विचारलं, "तू झोपेत पण ब्रेक मारतोस का?" यावर करुणाने बाहेरच्या खुर्चीवरून "हो" म्हटलं. फिजिओ म्हणाली, अंग सैल सोडायला लावील असं काहीतरी शिक. करुणाने लायब्ररीत लावलेला एक कागद पाहिला होता: विंग चुन, नवशिक्यांसाठी, दर रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, कम्युनिटी हॉलमध्ये. तिने नाव घालूनही टाकलं.

धम्मदीपला वाटलं, कुंग फू म्हणजे लाथा. तो ढगळ पँट घालून गेला. तिथे लाथाबिथा काही नव्हत्या. रेमंड लाउ नावाचे साठी ओलांडलेले, हाँगकाँगहून आलेले गृहस्थ, आठवडाभर फरशा-टाइल्स विकणारे, जाड मोजे घालून उभे होते. समोर पोटं सुटलेली, गुडघे धरलेली दहाबारा माणसं जोड्या करून एकमेकांच्या हातांना हात लावून गोल गोल फिरवत होती. त्याला म्हणतात ची साव, म्हणजे चिकटते हात. तुमचे मनगटापासून कोपरापर्यंतचे हात समोरच्याच्या हातांना टेकलेले. दोघांनी ते सावकाश फिरवायचे. त्याने जोर लावला तर भांडायचं नाही, वाट द्यायची. त्याचा जोर ओसरला, फट पडली, तर आपला हात आपसूक पुढे जाऊन छातीला हलकेच टेकला पाहिजे. बघायचं नाही, ओळखायचं नाही, फक्त कातडीला काय कळतंय ते ऐकायचं.

"म्हणजे विपश्यनाच की," धम्मदीप खुशीत म्हणाला.

"जोडीदार बदला," रेमंड म्हणाले, आणि समोर शाल्मली उभी राहिली.

"हॅलो सर," ती म्हणाली. "मी तीन महिन्यांपासून येतेय. तुम्ही हात द्या."

यापुढचं मला धम्मदीपनेच सांगितलं. त्याने जे गाळलं, ते शाल्मलीने करुणाला सांगितलं, आणि करुणाने आम्हा सगळ्यांना.

हात फिरू लागले. शाल्मलीच्या हातात जोर काही नव्हता. दिवसभर दोन-तीन वर्षांची पोरं तिच्या हातांना लोंबकळतात. कोण खेचणार, कोण चावणार, हे तिला न बघताच कळतं म्हणे. तिचा हात जरा हलला, की धम्मदीपचा हात धाडकन आडवा. तो आडवा गेला की दुसरीकडे भगदाड. तिथून तिचा तळवा त्याच्या छातीवर. टप. पुन्हा फिरवले. टप. आणि दर वेळी हॉलच्या लाकडी जमिनीवर आणखी एक आवाज यायचा. धप्प.

रेमंडनी खाली पाहिलं. "हा पाय कशाला आपटतोस?"

"कुठला पाय?" धम्मदीप म्हणाला.

हॉलमध्ये डॅरन नावाचा एक प्लंबर होता. त्याने सगळं ऐकलं आणि धम्मदीपचं नाव 'ब्रेकी' ठेवून टाकलं. इथे नाश्त्यालाही ब्रेकीच म्हणतात, त्यामुळे चहाच्या वेळी धम्मदीपची फार तारांबळ व्हायची.

"तिचा स्पीड जास्त आहे," तो दुसऱ्या रविवारी रेमंडना म्हणाला.

"नाही. ती हळू आहे. तू लवकर आहेस," रेमंड म्हणाले. "जो ठोसा आलाच नाही, तो तू अडवतोस. मग जो येतो, त्याच्यासाठी हात उरत नाही."

धम्मदीपला हे पटलं. पटलेल्या गोष्टी पाळणं त्याला कधीच जमलेलं नाही, पण सराव करायला त्याची ना नसते. त्याने घरी करुणाला जोडीला घेतलं. ती शिफ्टवरून आलेली, एका हातात चहाचा कप. "एकच हात देते," म्हणाली. त्या एका हाताने तिने त्याला फ्रीजपर्यंत मागे नेलं. "तू काय करणार हे तुला कळायच्या आधी मला कळतं रे. त्यात काय कुंग फू आहे?"

मयूरा फ्रीज उघडायला थांबली होती. "डॅड, मम इज नॉट ईव्हन लुकिंग."

महिनाभराने रेमंडनी सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले. धम्मदीप रुमालाखालून बघायचा. शाल्मलीला ते लगेच कळलं, कारण तो बघायला लागला की त्याचे हात ताठ व्हायचे. "सर, चीटिंग," ती हळूच म्हणाली. त्याने डोळे मिटले. हात फिरत राहिले. रुमालाच्या अंधारात त्याला धीर आला असावा, कारण इतके दिवस घशाशी अडकलेला प्रश्न त्याने तेव्हा विचारला.

"त्या दिवशी, टेस्टला. यूट आली तेव्हा... तू ब्रेक मारणार होतीस का?"

"मारला होता, सर."

"म्हणजे?"

"माझा पाय आधीच ब्रेकवर होता. पेडल खाली चाललं होतं. मग तुमचा पाय आला, आणि गाडी गचकन थांबली." तिचे हात फिरायचे थांबले नव्हते. "तुमच्या गाडीत दोन्ही पेडल आतून जोडलेली आहेत ना? एक दाबलं की दुसरं आपोआप जातं, हे तुम्हीच पहिल्या दिवशी दाखवलं होतं. मला वाटायचं, माझा पाय तुम्हाला कळत असेल."

इतकी वर्षं धम्मदीप पाय पेडलच्या वर, हवेत धरून बसायचा, विंचवाच्या नांगीसारखा. हवेत धरलेल्या पायाला काय कळणार? शाल्मलीचा तळवा छातीवर आला. टप. या वेळी धप्प झालं नाही, पण त्याचं कारण हे की तो जागच्या जागी थिजला होता.

"सॉरी," तो म्हणाला. त्याने आधी हे कधी म्हटलं नव्हतं. यूट जोरात होती, एवढंच म्हटलं होतं.

"नो वरीज," शाल्मली म्हणाली. "कोपर खाली ठेवा."

दुसऱ्या दिवशी पहिला धडा अनिशचा होता. अनिश युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकणारा, घामाघूम होऊन स्टिअरिंगला लोंबकळणारा मुलगा. धम्मदीपने बूट काढले, पातळ तळव्यांचे जुने कॅनव्हास घातले आणि पाय पेडलवर नुसता टेकवला, जोर न देता. पुढे सिग्नल लाल झाला. नेहमीप्रमाणे पोटरीत कळ आली. तो थांबला. आणि तळव्याखाली पेडल आपलं आपण खाली जाऊ लागलं. सावकाश, थोडं थरथरत. अनिश ब्रेक मारत होता! पोरं ब्रेक मारतात! हे त्याने मला फोनवर अशा थाटात सांगितलं, जसा काही शोध लागला होता.

आठवडाभर तो भलताच खूष होता. कोणाचा पाय घाबरट, कोणाचा हट्टी, कोण ब्रेकवर उभंच राहतं, कोण गुदगुल्या केल्यासारखं करतं, हे त्याला तळव्यातून कळू लागलं. एका बाईला तो म्हणाला, "आज तुमचा पाय उदास आहे." ती चमकली. घरी सासू आलेली होती.

पण नव्या छंदात माणूस वाहवत जातो. कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी अनिशला फुटपाथला लागून गाडी थांबवायची होती. पेडल खाली चाललं होतं, अगदी नाजूक, अगदी एकसारखं. धम्मदीप डोळे अर्धवट मिटून त्याचा आनंद घेत होता. डोळे उघडले तेव्हा लाल झाकणाचा मोठा डबा बॉनेटला लागून दाराच्या बाजूने आडवा होत होता. धडाम. आतलं सगळं रस्त्यावर, आणि गाडीच्या दारावर, नेमकं 'खरात सेफ ड्रायव्हिंग' या अक्षरांखाली, लांब ओरखडा.

अनिश रडकुंडीला आला. घरातून चड्डी आणि स्लिपरवर एक आजोबा बाहेर आले, डब्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पाटी वाचली, आणि इतके हसले की त्यांना कुंपणाचा आधार घ्यावा लागला. मग तिघांनी मिळून कचरा भरला. "चूक माझी आहे, तुझा पाय बरोबर होता, फक्त उशिरा होता," धम्मदीप अनिशला म्हणाला. त्या मुलाला पुढच्या वेळी निम्मा घाम आला.

इतक्या वर्षांत धम्मदीपच्या गाडीला टिकलीएवढा डाग नव्हता. ओरखड्याचा फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर पोचला. रविवारी डॅरनने हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या. रेमंडनी फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, "आधी लवकर होतास. आता उशीर. मध्ये कुठेतरी थांब." शाल्मलीने मात्र वेगळंच केलं. तिचा नवरा विक्रांत नुकताच सांगलीहून आला होता, तिकडे दहा वर्षं गाडी चालवलेला, हॉर्नवरून हात न काढणारा. तिने त्याला धम्मदीपकडे लावून दिला.

"परत माझ्याकडे?" धम्मदीपने विचारलं.

"आता तुम्हाला स्वतःचीही जरा भीती वाटते, सर. तसाच माणूस हवा याला."

मयूराने तो ओरखडा बोट फिरवून पाहिला. शनिवारी सकाळी त्याच्या शिकवायच्या गाडीची किल्ली घेऊन आली. "डॅड, घरात दूध नाहीये. आय कॅन ड्राइव्ह. तू बाजूला बस. बोलायचं नाही."

तो बसला. पाय पेडलवर टेकवला. बोलला नाही. दुकानाआधीच्या राउंडअबाउटला मयूरा थांबली. उजवीकडे कोणीच नव्हतं. ती थांबूनच राहिली. मागे एक गाडी आली. तिचा पाय ब्रेकवर घट्ट होता, ते त्याला तळव्यात कळत होतं; तिची बोटं बुटात आवळलेली होती, तेही कळतंय असं त्याला वाटलं. "जा" हा शब्द त्याच्या जिभेवर आला आणि त्याने तो गिळला. मागच्याने हॉर्न दिला.

"से समथिंग!" मयूरा म्हणाली.

"बोलायचं नाही, असं ठरलंय."

"डॅड!"

"दूध दुपारपर्यंत मिळतं," तो म्हणाला.

ती फिस्सकन हसली. हसताना पेडल सैल झालं, वर आलं, आणि गाडी निघाली. दुकानापाशी तिने ती पार्किंगच्या दोन खणांच्या मधोमध, तिरकी उभी केली आणि त्याच्याकडे वळली.

"कसं झालं?"

"टेस्टमध्ये नापास," धम्मदीप म्हणाला. "पण मजा आली."

मयूराने डोळे फिरवले, पैशांसाठी त्याचा फोन घेतला आणि दूध आणायला गेली. तो तिरक्या गाडीत बसून राहिला. शेजारच्या खणात गाडी लावायला आलेल्या बाईंनी काच खाली करून काहीतरी सुनावलं. आतून धम्मदीपने त्यांना हात जोडले, आणि मग, जरा लाजून, इथल्या रीतीने हात हलवला.