वरच्या जबड्याचे स्क्रू

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर माझ्या वरच्या जबड्याचं चित्र फिरवून दाखवलं. हाड पातळ होतं आणि त्याच्या लगेच वर सायनसची, नाकाला जोडलेली पोकळी. कॉम्प्युटरनं आखलेल्या जागी त्यांनी नव्या दातांसाठी दोन स्क्रू बसवले.

"नाक शिंकरू नका. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवा," त्या म्हणाल्या.

नवरा आणि मी परळीला घरी पोचलो तेव्हा वाऱ्यावर वीजकेंद्रातल्या कोळशाची राख उडत होती. दारातच माझं नाक हुळहुळलं.

"तोंड उघड, आधी तोंड उघड!" नवरा ओरडला.

मी शिंकले. रुमालावर रक्त आलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "स्क्रू हलले नाहीत. पण हाड स्क्रूंना घट्ट धरेपर्यंत राखेपासून लांब राहा."

मी बहिणीकडं चकलांब्याला गेले. काही महिन्यांनी दात छान बसले. फोनवर मात्र परळीतच राहिलेल्या नवऱ्याला खोकल्यापायी बोलणं पुरं करता येईना.

"लई काय न्हाई, धूळ हाय," एवढंच तो म्हणायचा.