‘शे’ ऐकायला सटाण्यापुढे

२१ नोव्हेंबर १९८२, रविवार

चार महिने आपल्या हस्तलिखित मासिकात माझं पान कोरं गेलं, त्याबद्दल वाचकांची क्षमा मागते. परीक्षांची कामं होती हे खरं. पण लिहिण्यासारखं कुठे गेलेच नव्हते, हे जास्त खरं. काल गेले. सटाण्याच्या पुढच्या एका गावी, आणि तेही देव किंवा किल्ला बघायला नाही.

परराज्यातून आलेल्या सरकारी नोकरांना मराठीची परीक्षा द्यावी लागते. यंदा तोंडी परीक्षेला मी परीक्षक होते. मागच्या आठवड्यात केरळच्या एक परिचारिका आल्या, मरियम्मा. दहा वर्षं बागलाणातल्या खेड्यात आहेत. लेखी परीक्षा त्यांनी कशीबशी काढली होती. तोंडीची ही शेवटची संधी. ती गेली की नोकरी गेली. पेशंटशी कसं बोलता, असं मी विचारलं. त्या धडाधड बोलल्या, अगदी आनंदाने, आणि सगळं अहिराणीत, प्रत्येक ‘आहे’च्या जागी ‘शे’. मी नापास लिहिलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. उठताना म्हणाल्या, “बाई, हाई मराठी नही शे का?”

मी पुढचं नाव पुकारलं. बी.ए.च्या वर्गात मी दर वर्षी दोन तास अहिराणी शिकवते, मराठीची गोड बोली म्हणून. पुस्तकातून. निकालाचं पत्रक सोमवारी द्यायचं आहे. शुक्रवारी पोळ्या लाटताना ठरवलं, एकदा जाऊन बघायचं.

तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर नाशकातल्या इंदिरानगरहून द्वारका चौकात येऊन एसटी धरू नका, तिथे ती भरूनच येते; स्टँडवरच बसा. मी तेच केलं आणि पिंपळगावपर्यंत उभी होते. तोवर द्राक्षबागा, भावडबारीचा घाट ओलांडला की कांदाच कांदा. तिकीट दहा-अकरा रुपये, वेळ तीन तास. सटाण्याला स्टँडसमोर भजी छान मिळतात, चहा फार गोड. पुढे ताहाराबादच्या गाडीने फाट्यावर उतरून दोन मैल पायी. सावली नाही, पाणी बरोबर असू द्या.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पडवी. मला बघून मरियम्मा उभ्याच राहिल्या, हातातली सुई तशीच. निकाल लागलेला नाही, मी सहज आले, असं म्हणाले. ‘सहज’ हे काही खरं नव्हतं.

पडवीत ओंकारबाबा नावाचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी जुनी हकीकत सांगितली. पटकीची सुई टोचायला आलेल्या बाईचं नाव मरियम्मा, हे कळल्यावर गाव धास्तावलं होतं. पटकीचा रोग आणणारी देवीही मरीमाय आणि टोचणारीही मरीमाय, मग जायचं कुणाकडे? पहिल्या आठवड्यात दोघांनीच सुई घेतली. आता बाबांच्या तिन्ही नातवंडांचा जन्म सिस्टरच्या हातचा. गावात बाहेरचे आणखीही आहेत, ते म्हणाले: दुकानदार मारवाडचा, गवंडी उत्तरेकडचा, विहिरी खणणारे पार खालून दक्षिणेतून आलेले. चार वर्षांत सगळे इथलंच बोलायला लागतात.

एवढ्यात एक म्हातारी पोट धरून आली. मरियम्मांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शाळेतल्या मुलीसारखं जपून विचारलं, “तुम्हाला कुठे दुखत आहे?”

म्हातारीने पदर सावरला, बाकावरून उठली. काही नाही, बरं आहे, असं पुटपुटून दाराकडे बघू लागली. सिस्टरच्या तोंडून कुणी साहेबच बोलतोय असं तिला वाटलं असणार.

मरियम्मांनी तिला हाताला धरून बसवलं. “कोठे दुखस, माय?”

मग म्हातारी बोलली. पोटाचं, सुनेचं, जावयाचं. मला निम्मंच समजलं, मान मात्र मी सारखी हलवत होते. बाबांच्या ते लक्षात आलं.

“मास्तरीनबाई, तुमनी मराठी आमले समजस. आमनी तुमले नही समजस. मंग नापास कोन?”

पडवीतले सगळे हसले. मरियम्मा हसल्या नाहीत. बाबांना दटावून त्यांनी मला चहा दिला आणि निघताना फाट्यापर्यंत सोबत आल्या. वाटेत माझ्याकडून वाक्यं घोटून घेत होत्या: मी आहे, आम्ही आहोत, त्या आहेत. पुढच्या वेळी चुकणार नाही, म्हणाल्या. पुढची वेळ नाही, हे दोघींनाही माहीत होतं. पाचची शेवटची गाडी आली.

आज दिवसभर स्वतःला विचारते आहे: दया आली म्हणून पास करते आहे का? नियम काढून वाचला. लोकांशी बोलता यावं, एवढ्यासाठीच ही परीक्षा आहे. ती काल माझ्यासमोर झाली, आणि ‘आहे’ म्हणाल्या तेवढ्यापुरत्याच त्या नापास झाल्या. उद्या नाशकात बदली झाली तर ‘आहे’ लागेल, ते मी पत्रातून शिकवीन. पण गुपचूप गुण वाढवले तर ती मेहेरबानी ठरेल. लेखी कारण दिलं, तर बोली शिकवणाऱ्या बाईंना हे आधी कळलं नाही का, असं लोक विचारतील. विचारू देत.

उद्या: अकराच्या आत परीक्षा कार्यालयात जाऊन गुण बदलणे, कारणाच्या रकान्यात ‘परीक्षकास अहिराणी येत नव्हती’ असे लिहून सही करणे.