मोठ्याने केलेली प्रार्थना

भिवंडीत आमची ख्रिस्ती मंडळी लहान. दर बुधवारी संध्याकाळी कामतघरला कोणाच्या तरी घरी प्रार्थना होते. आधी प्रत्येकाने आपला विषय मांडायचा, मग ज्येष्ठांपैकी एकाने सर्वांसाठी मोठ्याने प्रार्थना करायची. हे काम बहुधा सरांकडे असे. सर निवृत्त शिक्षक. शनिवारी मी त्यांच्याकडे पवित्र शास्त्र वाचायला जात असे आणि नोकरीतले पेचही त्यांनाच सांगत असे.

त्या वेळी मी जवळच्या वळ गावातल्या एका गोदामात ऑफिसला होतो. चोरी होऊ नये म्हणून ठेकेदार शिफ्ट चालू असताना मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावतो, असं पॅकिंगच्या एका मावशींनी मला सांगितलं होतं. आग लागली तर बायका आतच अडकणार होत्या. मावशी अंजूर गावच्या. तिथून त्या शिफ्टला येणाऱ्या त्या एकट्याच. नाव फुटलं तर ड्युटी जाणार होती, आणि घर त्यांच्यावरच चालत होतं. त्यांना अडचणीत न आणता मालकांच्या ऑफिसला कसं कळवावं, हे मी सरांना विचारलं होतं.

देवाशी मोघम बोलू नये, असं सरांचं मत होतं. त्या बुधवारी ते म्हणाले, "प्रभू, वळच्या गोदामात मागच्या दाराला कुलूप लावून बायकांना कोंडतात. अंजूरच्या ज्या बहिणीने हे धैर्याने सांगितलं, तिला सांभाळ."

मी डोळे उघडले. समोर भिंतीला टेकून आमच्या ठेकेदाराचा सुपरवायझर बसला होता. त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं, म्हणून शेजाऱ्याने त्याला पहिल्यांदाच आणलं होतं. त्याचेही डोळे उघडे होते. सर्वांबरोबर तो आमेन म्हणाला आणि चहाला न थांबता निघून गेला.

सर त्याला ओळखत नव्हते. तो कोण, हे मी त्यांना जिन्यात सांगितलं. ते कठडा धरून उभे राहिले. मग म्हणाले, "रिक्षा बघ. अंजूरला जाऊ. हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

मावशी ओट्यावर जवळा निवडत होत्या. सरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. मी सल्ल्यासाठी विश्वासाने बोललो होतो आणि ते त्यांनी चारचौघांत उघड केलं, हेही सांगितलं. मावशींनी सूप खाली ठेवलं.

"देवाला गावाचं नाव पन सांगितलंत? पिनकोड राहिला का?"

मावशींनी वाटही लगेच काढली. सरांनी सुपरवायझरला सांगायचं, ते दुसऱ्या गोदामाचं होतं. मास्तर माणसाने सांगितलं तर तो विश्वास ठेवेल. मला ते पटलं, आणि मी तसं म्हणालोही.

"ते मला जमणार नाही," सर म्हणाले. "पण त्याच्याकडे मी जाईन."

"म्हंजे तुमचं पुण्य तुमच्याकडं, आनि माझी ड्युटी गेली."

परत येताना रिक्षात सरांनी सुपरवायझर शिफ्टला किती वाजता येतो, ते मला विचारून घेतलं.

सकाळी शिफ्टच्या आधी आम्ही दोघे गेटवर होतो. सुपरवायझर आला तेव्हा सरांनी त्याला हात जोडले. माझ्या चुकीची शिक्षा त्यांना देऊ नका, म्हणाले.

"सर, मैंने क्या किया? तुम्हीच सगळ्यांसमोर बोललात," तो म्हणाला. "ठेकेदाराला रात्रीच फोन झाला."

बायका आत गेल्या. मावशींना वॉचमनने बाजूला थांबवलं. त्या कोणाकडेही न बघता डबा हातात धरून उभ्या राहिल्या. सरांनी मला विचारलं, "कुलूप तू स्वतः पाहिलंस?"

मी नाही म्हणालो.

"मग आधी पाहून ये."

शिफ्ट सुरू झाल्यावर मी गोदामाला वळसा घालून मागे गेलो. कुलूप होतं. पत्र्यापलीकडून पॅकिंगची टेप ओढल्याचे आवाज येत होते. मी फोटो काढला, ऑफिसात जाऊन मालकांना मेल केला आणि खाली माझं नाव घातलं. काही वेळाने मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. हे कोणी सांगितलं, असं त्याने तीन-चार वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. त्या बाईचं नाव तू फक्त कबूल कर, तुला काही होणार नाही, असंही म्हणाला.

"कोणी सांगितलं ते मी बोलणार नाही," मी म्हणालो. "कुलूप मी पाहिलंय."

त्याने मला जागेवर जायला सांगितलं. नोकरी राहिली की गेली, हे कळत नव्हतं. दुपारी मालकांच्या ऑफिसमधून फोन आला आणि कुलूप निघालं. कोणालाही कामावरून काढू नका, असाही निरोप होता. आता कोणाला काढलं तर प्रकरण वाढेल, एवढाच त्यामागचा विचार होता.

तो निरोप सांगायला मी बाहेर आलो. समोरच्या चहाच्या टपरीवर मावशी एका बाकड्यावर होत्या, सर दुसऱ्यावर. मावशींनी ऐकून घेतलं, साडी झटकली आणि गेटकडे निघाल्या. चार पावलांवर थांबून सरांकडे वळल्या.

"उद्या येऊ नका हितं. बायका इचारतील, ह्यो मास्तर कोन."

सर "बरं" म्हणाले आणि त्या आत जाईपर्यंत उभे राहिले.